पित्ताची गोळी आणि अंगावरचं दूध : एक प्रकरण

बाळ आलं ते वजन वाढत नाही म्हणून. वय ३८ दिवस, मुलगी, सिझेरियनने झालेली, जन्मवजन २.८ किलो. अठ्ठावीस दिवसांची असताना ३.५ किलो भरली होती, म्हणजे तोवर सगळं नीट चाललं होतं. त्यानंतरच्या दहा दिवसांत काटा पुढे सरकायचं सोडून किंचित मागे आला होता : ३.४८. एवढ्या दिवसांत अडीचशे ते तीनशे ग्रॅमची भर अपेक्षित असते. दिवसातून सहा-सात वेळा पातळ शी, लघवी मात्र ठीक. टाळू खोल गेलेली नाही, तोंड ओलं, रडणं जोमदार. पण हातापायांवरची चरबी उतरू लागली होती आणि जिभेवर, गालांच्या आत पांढरे चट्टे होते. (ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत.)

पहिला प्रश्न नेहमीचाच : दूध कुठलं? उत्तर बाळाच्या आजीने दिलं. "अहो डॉक्टर, वरचं चालू केलंय. हिला पित्ताच्या गोळ्या चालू आहेत ना, मग अंगावरचं कसं पाजायचं?"

बाई २७ वर्षांची, पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली. सातव्या महिन्यापासून छातीत जळजळ होती, तेव्हापासून पॅन्टोप्राझोल, म्हणजे जठरातलं आम्ल दाबणारी गोळी, जवळजवळ रोज. बाळंतपणानंतर जळजळ कमी व्हायला हवी होती, ती उलट वाढली. चौथ्या आठवड्यात मेडिकलमधून 'जरा स्ट्राँग' गोळी आणली. दोन-तीन दिवसांनी पाकिटातला कागद कोणीतरी वाचला. त्यात स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी टाळावे, अशा अर्थाची ओळ होती. घरात चर्चा झाली, गोळीची उष्णता दुधात उतरते असं ठरलं आणि अंगावर पाजणं बंद झालं. गोळी मात्र बंद झाली नाही, कारण जळजळ सहन होत नव्हती. दूध दाबून मोरीत ओतायचं आणि बाळाला बाटली द्यायची, असे नऊ दिवस गेले.

बाटलीचा तपशील विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे माझं जुनं मत. पावडरच्या डब्यातला एक सपाट चमचा ३० मिली पाण्याला, हे प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. इथे एक चमचा ६० मिलीला पडत होता. डबा महाग, आणि 'दाट दूध बाधतं' ही समजूत. म्हणजे बाळ पोटभर पीत होतं, पण निम्म्या ताकदीचं. त्यात बाटली उकळण्याऐवजी गरम पाण्याने विसळली जात होती. वजन का अडलं आणि शी पातळ का झाली, याचं उत्तर इथेच मिळालं. अशा फार पातळ दुधाने रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. तितकी वेळ आली नव्हती.

बाळाची बाजू एवढीच. पुढचा सगळा वेळ आईच्या औषधांच्या पिशवीत गेला.

पिशवीत काय होतं

मी पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगतो. तोंडी विचारलं तर लोक 'पित्ताची, रक्ताची आणि कॅल्शियमची' एवढंच सांगतात. पिशवीत निघालं ते असं : पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम आणि हळूहळू सुटणारं डॉम्पेरिडोन (मळमळ-उलटीवरचं औषध) ३० मिलिग्रॅम एकत्र असलेली कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ. टाक्यांच्या दुखण्यासाठी अॅसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल ही वेदनाशामक गोळी, लिहून दिलेली पाच दिवसांसाठी, घेतली जात होती पाचव्या आठवड्यातही, कारण कंबर दुखत होती. लोह आणि कॅल्शियम, दोन्ही सकाळी चहाबरोबर एकदम. शतावरी कल्प. शिवाय आजीची स्वतःची रॅनिटिडीनची, म्हणजे पित्ताच्याच जुन्या गोळीची, पट्टी, 'वेळेला असावी' म्हणून ठेवलेली.

जळजळीचं कारण या ढिगातच होतं. वेदनाशामक गोळी जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करते, लोह रिकाम्या पोटी टोचतं, आणि रात्री दहाला तुपातला डिंकाचा लाडू खाऊन बाळाला घेऊन लगेच आडवं व्हायचं. डिंकाच्या लाडवाशी माझं वैर नाही. तो सकाळी खाल्ला असता तर या गोष्टीत आलाही नसता.

पित्त म्हणून आलेली प्रत्येक जळजळ पित्ताचीच असते असं नाही. गरोदरपणात पित्ताशयात खडे होण्याचं प्रमाण वाढतं आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत ते दुखायला लागतात. म्हणून विचारलं : उजव्या बरगडीखाली कळ येते का, तुपकट खाल्ल्यावर तासाभराने पाठीकडे किंवा खांद्याकडे जाते का, तशी कळ आली की उलटी होते का. नाही. शी काळी होते का? हो, होते. हा प्रश्न बाळंतिणीत फसवा असतो, कारण लोहाच्या गोळीने शी काळी-हिरवट होतेच. रक्तस्रावाची शी डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असते, पाण्याने धुतली तरी भांड्याला धरून राहते. तसं काही नव्हतं. गिळताना अडत नव्हतं, वजन अकारण घटलेलं नव्हतं. तेव्हा एंडोस्कोपीची घाई करायची गरज नव्हती.

बाळापर्यंत किती पोचतं

बाईचा खरा प्रश्न हा होता आणि तो नुसत्या 'चालतं' या शब्दाने मिटत नाही. नऊ दिवस दूध मोरीत ओतलेल्या बाईला हिशेब दाखवावा लागतो. तो मी कागदावर मांडला.

४० मिलिग्रॅम पॅन्टोप्राझोल घेतलेल्या एका स्तनदा मातेचं दूध तपासलं गेलं आहे. दोन तासांनी लिटरमागे ३६ मायक्रोग्रॅम, चार तासांनी २४, आणि त्यानंतर औषध सापडलंच नाही. आता वाईटात वाईट धरू : दूध दिवसभर त्या सर्वोच्च पातळीवरच राहिलं. साडेतीन किलोचं बाळ दिवसाला साधारण ५२५ मिली दूध पितं. त्यातून बाळाला मिळतील १९ मायक्रोग्रॅम. आईने घेतले ४०,००० मायक्रोग्रॅम. किलोमागे काढलं तर आईच्या मात्रेच्या एक टक्क्याहूनही कमी. स्तनपानात औषध बसतं का हे बघताना दहा टक्क्यांच्या खाली म्हणजे सहसा चालण्यासारखं, असा व्यवहारातला दंडक आहे. आणि बाळालाच अन्ननलिकेच्या सुजेसाठी या गटातलं औषध द्यायची वेळ आली तर ते किलोमागे साधारण एक मिलिग्रॅमने देतात, म्हणजे या बाळाला साडेतीन हजार मायक्रोग्रॅम. एकीकडे १९, दुसरीकडे साडेतीन हजार. कागदावरच्या या दोन आकड्यांकडे ती बराच वेळ बघत होती. एका बाईच्या दुधावरचा आकडा म्हणजे पुरावा तोकडाच. पण याच गटातल्या ओमेप्राझोलचं माप त्याच दिशेचं आहे, आणि औषधाचा स्वभाव बघितला तर वेगळं काही निघण्याचं कारण दिसत नाही. पॅन्टोप्राझोल रक्तातल्या प्रथिनांना ९८ टक्के चिकटलेलं असतं, त्यामुळे दुधात उतरायला मोकळं फारसं उरतच नाही. आणि तासाभरात त्याची रक्तातली पातळी निम्मी होते.

आणखी एक युक्तिवाद नेहमी केला जातो : ही औषधं आम्लात टिकत नाहीत, म्हणून तर गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, दुधातून विनाआवरण आलेलं औषध बाळाच्या जठरात नष्ट होणार. हे खरं आहे, पण मी त्यावर फार भार टाकत नाही. दर दोन तासांनी दूध पिणाऱ्या बाळाच्या जठरातलं आम्ल दुधानेच बरंचसं सौम्य झालेलं असतं. मुळातली मात्राच नगण्य आहे, हे कारण पुरेसं आहे.

तिचा पुढचा प्रश्न होता, "मग गोळी घेतल्यावर किती तास पाजायचं नाही?" एकही तास नाही. घड्याळ लावून पाजायला सांगणं म्हणजे बाळाची एक पाळी चुकवणं आणि आईला पुन्हा त्याच भीतीत ढकलणं.

कागदावरच्या ओळीचं काय? औषध कंपनीने स्तनदा मातांवर रीतसर अभ्यास केलेला नसेल तर तिच्या वकिलाला सोयीचं वाक्य एकच असतं. पॅन्टोप्राझोल उंदरांच्या दुधात उतरतं हे माहीत आहे, तेवढ्यावर ती ओळ छापली जाते. किती उतरतं आणि त्याने काही होतं का, हे सांगायची जबाबदारी ती ओळ घेत नाही.

कॅप्सूलची दुसरी बाजू

घरात सगळी भीती पॅन्टोप्राझोलची होती. कॅप्सूलमधल्या डॉम्पेरिडोनबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता, आणि मला काळजी त्याचीच होती.

बाळासाठी नव्हे. दिवसाला ३० मिलिग्रॅम घेणाऱ्या मातांच्या दुधात डॉम्पेरिडोन मिलिलिटरमागे एक ते तीन नॅनोग्रॅम इतकंच सापडलेलं आहे; ते धरण्यासारखंही नाही. प्रश्न आईच्या हृदयाचा. हे औषध काही लोकांत हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय लांबवतं आणि त्यातून क्वचित जीवघेणी अनियमितता येते. म्हणूनच युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१४ मध्ये मोठ्यांसाठी दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि साधारण एक आठवडा अशी मर्यादा घातली. अमेरिकेत ते मंजूरच नाही, आणि दूध वाढवण्यासाठी वापरू नका असा इशारा तिथल्या नियंत्रकांनी २००४ मध्येच दिला होता. आपल्याकडे ते पॅन्टोप्राझोलच्या पोटात बसून भाजीसारखं विकलं जातं. या बाईला दिवसातून दोन कॅप्सूल म्हणजे ६० मिलिग्रॅम जात होतं, तेही मळमळ किंवा उलटी नसताना. जळजळीला त्याची गरजच नव्हती.

गंमत अशी की डॉम्पेरिडोन प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढवतं, म्हणजे दूध वाढवतं. एका हाताने दूध वाढवणारं औषध घेतलं जात होतं आणि दुसऱ्या हाताने तेच दूध मोरीत जात होतं.

तिच्या छातीची धडधड, चक्कर, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, हे विचारलं, काही नव्हतं. ईसीजी काढला, तोही ठीक. मग कॅप्सूल थांबवली. इथे एक खरा पेच होता. नऊ दिवसांत दूध कमी झालेलं, आणि हातात दूध वाढवणारं औषध आधीच आहे. ते का थांबवायचं? काही सहकारी चालू ठेवतील, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईत देखरेखीखाली ते वापरणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण या बाईचं दूध प्रोलॅक्टिन कमी म्हणून आटलेलं नव्हतं, स्तन रिकामे होत नव्हते म्हणून आटलं होतं. त्यावर उपाय बाळाचं तोंड.

कॅप्सूल थांबवायचं दुसरं कारण बाळाच्या तोंडातले पांढरे चट्टे. ती बुरशी. आईच्या स्तनाग्रांनाही भेगा आणि टोचल्यासारखी आग होती, म्हणजे लागण दोघींत फिरत होती. ती आटोपली नाही तर आईला पोटातून फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध द्यायची वेळ येते. फ्लुकोनाझोल डॉम्पेरिडोनचं यकृतातलं विघटन मंदावतं आणि स्वतःही हृदयाची तीच लय लांबवतं. दोन्ही एका वेळी देऊच नयेत. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक्सचंही तेच. बाळंतिणीला ही औषधं वेगवेगळ्या दवाखान्यांतून, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर मिळतात आणि एकत्र होतात ती फक्त तिच्या पिशवीत. आम्ही बाळाच्या तोंडाला आणि आईच्या स्तनाग्राला वरून लावायच्या औषधावर भागवलं आणि ते पुरलं.

मेडिकलवर 'पित्ताची स्ट्राँग' म्हणून मिळणाऱ्या आणखी एका जोडीबद्दल इथेच सांगतो : रॅबेप्राझोल आणि लिव्होसल्पिराइड. लिव्होसल्पिराइड मूळचं मानसिक आजारांवरच्या औषधांच्या कुळातलं. त्याच कुळातलं सल्पिराइड दुधात लक्षणीय प्रमाणात उतरतं. साध्या जळजळीसाठी स्तनदा मातेला ते देण्याचं समर्थन मला सापडत नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत नावं एक आहेत की दोन, एवढं बघितलं तरी खूप झालं.

आजीची पट्टी आणि इतर पर्याय

रॅनिटिडीन आजी वीस वर्षं घेत होत्या, त्यामुळे त्यांचा त्यावर विश्वास. ते दुधात रक्तापेक्षा जास्त प्रमाणात साठतं, तरी बाळाला पोचणारी मात्रा उपचारापेक्षा कमीच राहते. माझी हरकत दुसरीच आहे : त्यात एनडीएमए नावाचा, कर्करोगाला कारण ठरू शकेल असा घटक साठवणुकीत वाढत जातो हे २०१९ मध्ये पुढे आलं, अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं, आणि आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते २०२२ मध्ये वगळलं गेलं. त्याच गटातलं फॅमोटिडीन उपलब्ध असताना ते घेण्यात अर्थ नाही. ४० मिलिग्रॅम फॅमोटिडीननंतर दुधात सर्वाधिक लिटरमागे ७२ मायक्रोग्रॅम मिळालं आहे, म्हणजे बाळाला किलोमागे सुमारे ११. तान्ह्या बाळांना थेट देतात तेव्हा किलोमागे ५०० देतात.

पातळ अँटासिड, म्हणजे अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं जेल, रक्तात जवळजवळ जातच नाही. अधूनमधून घ्यायला ते पहिलं. सुक्राल्फेटही तसंच. खायचा सोडा मात्र रोजचा करू नये, त्यातलं सोडियम आईलाच नको असतं. बिस्मथ सॅलिसिलेट टाळावं.

आम्ल दाबणारं नवीन व्होनोप्राझान आता आपल्याकडेही लिहिलं जाऊ लागलं आहे. त्याच्याबद्दल मी वेगळं बोलतो, कारण लोक त्याला पॅन्टोप्राझोलचा धाकटा भाऊ समजतात. ते आम्लात टिकतं, माणसांच्या दुधातली मापं हाताशी नाहीत, प्राण्यांच्या पिलांत यकृतावर परिणाम दिसल्याने अमेरिकेतल्या माहितीपत्रकात त्या काळात स्तनपान करू नये असं म्हटलं आहे. इथे माहितीपत्रकाचं मी ऐकतो. जुनी, मापलेली औषधं हाताशी असताना तान्ह्या बाळाच्या आईने नव्याच्या मागे जायचं कारण नाही.

दुधात काय उतरत नाही

हा भाग कोणी विचारला नव्हता. बाई शाकाहारी, अंडंही नाही. सातव्या महिन्यापासून रोज आम्ल दाबणारी गोळी. हिमोग्लोबिन ९.८. पंजे फिकट, जीभ जरा गुळगुळीत. बी-१२ तपासलं तर मिलिलिटरमागे १४८ पिकोग्रॅम. २०० च्या खाली कमतरता धरतात.

अन्नातलं बी-१२ प्रथिनांना बांधलेलं असतं, ते सोडवायला जठरातलं आम्ल लागतं. आम्ल दाबलं की ही सुटका मंदावते. मात्र सगळा दोष गोळीवर टाकणं बरोबर नाही. संशोधनात हा संबंध दिसला तो दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ रोज घेणाऱ्यांत. हिचे जेमतेम चार महिने. तिचा साठा आधीच रिकामा असणार. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांत बी-१२ कमी निघालं. म्हणजे ही बाई अपवाद नव्हती. पण मुळात कोरड्या विहिरीत येणारा झराही बुजवला जात असेल तर तो थांबवणं आपल्या हातात आहे.

हे बाळाच्या डॉक्टरने का बघायचं? कारण ज्या आईत बी-१२ नाही तिच्या दुधातही ते कमी असतं. केवळ अंगावर वाढणारी अशी मुलं सहा महिन्यांनंतर मंदावतात : बसायला लागलेलं मूल बसेनासं होतं, हसणं थांबतं, बोटांची पेरं काळवंडतात आणि काहींना कंप सुटतो. अशी मुलं महाराष्ट्रात आजही दिसतात. पॅन्टोप्राझोलचे १९ मायक्रोग्रॅम बाळाला काही करणार नव्हते. या दुधात जे नव्हतं ते मात्र करू शकलं असतं.

गोळीतलं बी-१२ मोकळं असतं, त्याला आम्लाची गरज नाही. म्हणून रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. लोह आणि कॅल्शियम वेगळे केले, कारण कॅल्शियम लोहाला अडवतं आणि चहा तर अडवतोच : कॅल्शियम दुपारी जेवणाबरोबर, लोह रात्री लिंबाच्या पाण्याबरोबर, जेवणानंतर तासाभराने. अँटासिड घेतलंच तर या दोघांपासून दोन तास लांब. सरकारी कार्यक्रमातही बाळंतपणानंतर १८० दिवस ६० मिलिग्रॅम लोह सांगितलेलं आहे, ते चहात बुडवून वाया घालवू नये.

पुढे काय झालं

वेदनाशामक बंद, कंबरेसाठी गरज पडली तर नुसतं पॅरासिटामॉल. साधं पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच, न्याहारीआधी अर्धा तास, दोन आठवडे. ही वेळ महत्त्वाची. जेवल्यावर घेतलेली गोळी पुरतं काम करत नाही आणि मग 'स्ट्राँग' शोधत फिरावं लागतं. रात्रीचं जेवण आठच्या आत, लाडू सकाळी, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा.

बाटली त्याच दिवशी बंद केली. बाळ उघड्या छातीवर, दर दोन तासांनी आणि रात्रीही दोनदा अंगावर. पाजून झाल्यावर हाताने दूध काढून तेच बोंडल्याने. कमी पडेल तेवढं वरचं दूध, पण ३० मिलीला एक चमचा, आणि तेही बोंडल्यानेच. उजव्या स्तनात झालेल्या दुधाच्या गाठीला पाजण्याआधी कोमट शेक. पहिले दोन दिवस बाळ चिडलं, बाटलीची सवय लागलेली. आजींनी तिसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की "पान्हा फुटतोय, पण तिचा धीर सुटतोय," तेव्हा बाईला बोलावून एक पाजणं समोर बसून बघितलं. बाळ फक्त स्तनाग्र धरत होतं, काळा भाग तोंडात घेत नव्हतं. भेगा त्यामुळेच. पकड सुधारली आणि दुखणं बरंच कमी झालं.

आठवड्याने वजन ३.६३. दोन आठवड्यांनी ३.८८, वरचं दूध पूर्ण बंद, शी पिवळी आणि दाणेदार, तोंड स्वच्छ.

जळजळ पहिल्या आठवड्यातच ओसरली. दोन आठवड्यांनी पॅन्टोप्राझोल थांबवताना एक गोष्ट आधीच सांगून ठेवली : काही महिने रोज घेतलेली गोळी बंद केली की जठर काही दिवस नेहमीपेक्षा जास्त आम्ल सोडतं आणि जळजळ परत आल्यासारखी वाटते. त्याला आजार उलटला असं समजून पट्टी पुन्हा सुरू करायची नाही. आठवडाभर एकाआड एक दिवस गोळी, मधल्या दिवशी लागलं तर अँटासिडचे दोन चमचे, मग बंद. तिला ते सहा-सात दिवस त्रासाचे गेले, नंतर नाही.

पुढचं बोलावणं बाळाच्या अडीच महिन्यांच्या लसीच्या दिवशी ठेवलं आहे. आईचं हिमोग्लोबिन तेव्हा, बी-१२ तीन महिने पूर्ण झाल्यावर. पिशवी सोबत आणायला सांगितली आहे.